मापात पाप आणि देवाचे भय

पुण्याच्या मंडईच्या जुन्या इमारतीत गाळेवाले उंचावर बसतात, गिऱ्हाईक खाली उभे राहते. तागडीच्या एका पारड्यात वांगी, दुसऱ्यात वजने. पारडी हेलकावतात आणि काटा नीट स्थिरावायच्या आत भाजी पिशवीत पडते. तेवढ्यात नेमके काय झाले, ते तोलणाऱ्यालाच ठाऊक. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगाच रुजलेला नाही.

ही इमारत १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडली. तिचा अष्टकोनी मनोरा पाहून नवख्याला ते एखादे चर्चच वाटावे. पण ख्रिस्ती धर्मातले ‘देवाचे भय’ समजून घ्यायला मनोऱ्यापेक्षा खालची तागडी जास्त उपयोगी पडते, असे मला मनापासून वाटते.

देवाचे भय म्हटले की वीज, नरक, शिक्षा हेच डोळ्यांपुढे येते. बायबलमधले ‘लेवीय’ हे पुस्तक उघडले, तर हे भय बाळगण्याची आज्ञा कुठे कुठे येते ते पाहून थक्क व्हायला होते. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नकोस, आणि लगेच : देवाचे भय बाळग. म्हाताऱ्यासमोर उठून उभा राहा, पुन्हा तेच. जमिनीच्या व्यवहारात कोणाला नाडू नकोस, कंगाल झालेल्या भावाकडून व्याज घेऊ नकोस, हाताखाली राबणाऱ्याला छळू नकोस, तिथेही तेच. बहिऱ्याला ऐकू येत नाही, आंधळ्याला दिसत नाही, गरिबाची दाद लागत नाही. पकडले जाण्याचा धोका जिथे जवळजवळ नाहीच, तिथेच हे भय उभे केले आहे! आंधळ्याबहिऱ्यांची आज्ञा ज्या अध्यायात आहे, त्याच्याच शेवटी खऱ्या तागडीची आणि खऱ्या वजनांचीही आज्ञा येते.

सीनाय डोंगरावर इस्राएली लोकांना देवाच्या आज्ञा मिळतात, तो प्रसंग याहून विलक्षण आहे. गडगडाट, विजा, धूर. लोक थरथरत लांब उभे. त्यांचा पुढारी मोशे त्यांना सांगतो की भिऊ नका, आणि त्याच दमात सांगतो की देवाचे भय तुमच्यासमोर राहावे, तुम्ही पाप करू नये, म्हणूनच हे घडते आहे. म्हणजे एक भीती माणसाला पळवून लावते आणि दुसरी त्याला जागेवर ठेवते. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने हाच भेद मांडला : चाकराचे भय आणि लेकराचे भय. चाकराला फटक्याची धास्ती असते, लेकराला आईबाप दुरावण्याची. पूर्ण प्रीती भीतीला हाकलून देते असे योहान आपल्या पत्रात लिहितो, ती पहिली भीती. दुसरीला कॅथलिक परंपरा पवित्र आत्म्याच्या सात दानांमध्ये गणते.

मंडईतून चालत गुरुवार पेठेत गेले की पंचहौदचे पवित्र नाम देवालय लागते, १८८५ सालचे. अशा देवालयात प्रभुभोजनाच्या उपासनेत लोक पापांची कबुली देतात, क्षमेची घोषणा ऐकतात, आणि ‘पवित्र’ हा शब्द तीनदा उच्चारला जातो. तो यशया संदेष्ट्याच्या दर्शनातला आहे. तिथे देवाच्या सिंहासनापाशी असणारे सराफीम हे देवदूतसुद्धा सहापैकी दोन पंखांनी तोंड झाकून घेतात. यशयाला वाटते, आपले आता संपले, कारण आपले ओठ अशुद्ध आहेत. तेवढ्यात वेदीवरचा जळता निखारा त्याच्या ओठांना लावला जातो. ओठ करपत नाहीत, पाप जाते.

विश्वरूप पाहून अर्जुनाची काय गत झाली, हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला यातला थरकाप परका नाही. रुडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकाने १९१७ च्या ग्रंथात पवित्राच्या अनुभवात दहशत आणि ओढ एकत्र नांदतात असे दाखवले, तेव्हा गीतेच्या त्या अकराव्या अध्यायाचीही दखल घेतली. अर्जुन मात्र पूर्वीचे सौम्य रूप परत मागतो. यशया त्या तेजासमोरच थांबतो आणि ‘मी जातो’ म्हणून पुढे होतो.

मला सर्वांत चकित करते ते १३० वे स्तोत्र. देवापाशी क्षमा आहे, म्हणून त्याचे भय धरायचे, असे ते सांगते. क्षमा मिळाल्यावर भीती संपायला हवी होती, इथे ती तिथून सुरू होते. आपल्या क्षमेची किंमत क्रूसावर मोजली गेली असे ज्याला वाटते, तो पुढचे पाप हलक्या हाताने करू शकत नाही.

१९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये क्षमेपासून सुरू होणारे हे भय अनेकींनी अनुभवले. त्याआधी काही महिने तिथे रोज एकत्र प्रार्थना चालली होती. एका रात्री एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, ओतणार तोच कळले की ही जाळणारी आग नव्हे. मग मुली रडत रडत आपले अपराध कबूल करू लागल्या, त्या रडण्यातून गाणी निघाली, आणि पुढे त्यांच्यातल्या कितीतरी जणी टोळ्या करून आसपासच्या गावांत ते सांगायला निघाल्या.