छोटा, पण पुढे वाढवता येणारा पीसी बनवायचाय? मग मदरबोर्ड घेताना हे बघाच

घर वन बीएचके, टेबल एकच. त्यावरच मुलांचा अभ्यास आणि त्यावरच वर्क फ्रॉम होम. अशा घरात गुडघ्याएवढं कॅबिनेट ठेवायचं तरी कुठे? लॅपटॉप घ्यावा, तर आता अनेक लॅपटॉपमध्ये रॅमसुद्धा सोल्डर करूनच येते. चार वर्षांनी कमी पडली, की लॅपटॉपच बदला. म्हणून बरेच जण छोटा डेस्कटॉप असेंबल करायचं ठरवतात.

दुकानात गेल्यावर पहिली चर्चा प्रोसेसरची होते, मग ग्राफिक्स कार्डची. मदरबोर्डची वेळ आली की मात्र, "त्याला बसेल तो कुठलाही टाका." पैसे वाया जातात ते इथे. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड नंतर सहज बदलता येतं. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे अख्खी मशीन खोलायची, आणि बऱ्याचदा सोबत प्रोसेसर आणि रॅमही नवी घ्यायची.

आधी साईझ बघू. नेहमीचा मोठा बोर्ड म्हणजे एटीएक्स, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. आणि सगळ्यात छोटा, सहज मिळणारा म्हणजे मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७०. हा व्हीआयए या तैवानच्या कंपनीने २००१ मध्ये आणला. क्षेत्रफळ मायक्रो-एटीएक्सच्या निम्म्याहून कमी.

छोटा पीसी म्हटलं की सगळ्यांची नजर मिनी-आयटीएक्सवर जाते. दिसतो गोंडस, पण त्यावर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि कार्डासाठी एकच. त्यात ग्राफिक्स कार्ड लावलं की कॅप्चर कार्ड किंवा आणखी काही लावायला जागा उरत नाही. दुसरा एम-टू एसएसडीचा स्लॉट असलाच, तर तो बऱ्याचदा बोर्डच्या पाठीमागे असतो. म्हणजे एसएसडी वाढवायची तर बहुतेक कॅबिनेटमध्ये बोर्ड बाहेर काढावा लागतो. वर त्याच चिपसेटच्या मायक्रो-एटीएक्सपेक्षा किंमतही सहसा जास्त. शिवाय अगदी छोट्या कॅबिनेटला एसएफएक्स साईझचा छोटा एसएमपीएस आणि बुटका कूलर लागतो, तो खर्च वेगळा.

त्यामुळे पीसी बॅगेत घालून गावाला न्यायचा नसेल, तर बहुतेकांसाठी मायक्रो-एटीएक्सच बरा. हा बोर्ड बसेल अशी आटोपशीर कॅबिनेट्स बाजारात मिळतात.

मात्र रॅमचे चार स्लॉट आहेत म्हणून भाळून जाऊ नका. डीडीआर-५ च्या बाबतीत चार पट्ट्या लावल्या की वेग कमी होतो. रायझन ७००० चंच बघा. दोन पट्ट्यांवर एएमडी ५२०० चा वेग अधिकृतपणे देते, चार लावल्या की ३६००. तेव्हा बोर्ड कुठलाही असो, दोन पट्ट्यांचाच हिशोब धरलेला चांगला. ८-८ च्या दोन घेतल्या आणि बोर्डला दोनच स्लॉट असले, तर पुढे दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. परवडत असेल तर सुरुवातीलाच १६-१६ च्या दोन घ्याव्यात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकाच पट्टीवर काम भागवू नये. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि एका पट्टीवर ते चांगलंच मंदावतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, सॉकेट. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते हे. पुढे नवा प्रोसेसर टाकता येईल की नाही, हे इथेच ठरतं. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आलं. २०१७ चे बी३५० बोर्ड घेतलेल्या अनेकांना नुसतं बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. इंटेलचं एलजीए १७०० आलं २०२१ मध्ये. त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन जनरेशन चालल्या आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आलं. जुन्या बोर्डवर ते प्रोसेसर बसत नाहीत.

एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत किंवा त्याहून पुढे सपोर्ट देऊ, असं कंपनीने जाहीर केलंय. 'पुढे वाढवता येणारा' ही अट खरोखर महत्त्वाची असेल, तर आज पारडं तिकडे झुकतं.

पण यातही एक गोम आहे. "आत्ता प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागवू, पुढे कार्ड घेऊ" म्हणून अनेक जण रायझन ८५००जी किंवा ८७००जी घेतात. ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटला नेहमीच्या रायझनमधून १६ लेन मिळतात. ८७००जी मधून ८ च मिळतात आणि ८५००जी मधून फक्त ४. बोर्ड कितीही महागडा घ्या, यात फरक पडत नाही. पुढे तगडं कार्ड घ्यायचा विचार असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

बोर्डवर सॉकेटच्या बाजूला व्हीआरएम असतं. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणायचं काम त्याचं. त्यात ते तापतं. अगदी स्वस्त बोर्डवर त्याला हीटसिंकच नसतो. आज ६५ वॅटचा सहा कोअरचा प्रोसेसर लावला तर अडचण नाही. पण एएम५ वर २३० वॅटपर्यंत वीज खेचणारे प्रोसेसरही येतात. छोट्या कॅबिनेटमध्ये हवा कमी खेळते, त्यामुळे व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बी६५० किंवा बी८५० बोर्ड घेतलेला चांगला. वाय-फाय आहे का तेही बघा. स्वस्त मायक्रो-एटीएक्स बोर्डवर ते अनेकदा नसतं.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तम. दुकानात पडून राहिलेला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतं, तेही प्रोसेसर न लावता.

राहता राहिला 'कॉम्बो'. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाईन, जुना आय-फाईव्ह आणि नवा दिसणारा एच६१ बोर्ड अगदी स्वस्तात मिळतो. बोर्ड नवा असला तरी त्यावर चालणारे प्रोसेसर दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचे, रॅम डीडीआर-३. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टायपिंग आणि लिनक्ससाठी घ्यायचा तर घ्या, पण त्या बोर्डवर पुढे टाकायला नवा प्रोसेसर येणार नाही.