काटकसरीसाठी मोर्चा कोण काढणार?

लेखमाला : तिजोरी लोकांची | लेखांक ६

महसुली तूट म्हणजे काय, हे मागच्या लेखात पाहिले. रोजचा खर्च भागवायलाही उत्पन्न पुरत नाही, तेव्हा ही तूट पडते आणि ती कर्जाने भरावी लागते. तो लेख वाचून अनेकांच्या मनात आला असेल असा प्रश्न आज घेऊ. कर्ज एवढे वाढत असेल, तर त्याविरुद्ध लोक रस्त्यावर का उतरत नाहीत?

छत्रपती संभाजीनगरला मोर्चे नवे नाहीत. क्रांती चौकातून निघायचे आणि विभागीय आयुक्तालयावर धडकायचे, ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायाखालची आहे. कर्जमाफी, पीकविमा, मानधनवाढ, जुनी पेन्शन, पाणी अशा बहुतेक मागण्यांना पैसा लागतो आणि त्यांतल्या कितीतरी रास्त आहेत. ‘उधळपट्टी थांबवा, राज्याचे कर्ज उतरवा’ असा फलक मात्र त्या गर्दीत सहसा दिसत नाही.

कर्ज किती?

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ७ लाख कोटी रुपयांचा धरला होता. महसुली तूट ४५,८९१ कोटींची, तर वर्षअखेरचे कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींचे. राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या एकूण उत्पन्नाशी (सकल राज्य उत्पन्नाशी) तुलना करता हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आत होते, म्हणजे महाराष्ट्र बुडालेला नाही. पण नुसत्या व्याजापोटी त्या वर्षी जवळपास ६५ हजार कोटी धरले होते, दिवसाला सुमारे १७७ कोटी. संभाजीनगरच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचा सुधारित खर्च २,७४० कोटी आहे. या हिशेबाने एवढी रक्कम राज्य साधारण सोळा दिवसांत व्याजात भरते.

मोर्चे निघाले, तेव्हा काय झाले?

काटकसरीसाठी कुठेच मोर्चे निघाले नाहीत, असे नाही. अमेरिकेत १५ एप्रिल २००९ रोजी, कर भरण्याच्या शेवटच्या दिवशी, शेकडो शहरांत ‘टी पार्टी’च्या सभा झाल्या. सरकारी खर्च आणि कर्ज कमी करा, ही त्यांची मागणी होती. या चळवळीने निवडणुका फिरवल्या, पण कर्ज काही थांबले नाही. २००९ मध्ये अमेरिकेचे कर्ज सुमारे ११ लाख कोटी डॉलर होते, ते २०२५ मध्ये ३६ लाख कोटींच्या पुढे गेले. खर्चकपात हवी म्हणणाऱ्या बहुतेकांना स्वतःच्या वाट्याचे निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय लाभ मात्र शाबूत हवे होते.

लंडनचा अनुभव आणखी बोलका आहे. २६ मार्च २०११ रोजी तिथे कामगार संघटनांनी खर्चकपातीविरुद्ध मोर्चा काढला. त्यात अडीच लाखांवर लोक आले. पुढे १४ मे रोजी कर्जाविरुद्ध आणि कपातीच्या बाजूने सभा झाली, तिला जेमतेम काहीशे माणसे होती.

महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण कोल्हापूरचे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन मिळावी, यासाठी १४ मार्च २०२३ पासून राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. संप सात दिवस चालला. तो सुरू असतानाच कोल्हापुरात सुशिक्षित बेरोजगार तरुण जुन्या पेन्शनच्या विरोधात रस्त्यावर उतरले. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुलातले निम्म्याहून अधिक पैसे जातात, मग नवी भरती कशातून होणार, हा त्यामागचा प्रश्न होता. आपल्याला न मिळालेल्या नोकरीशी तिजोरीचा संबंध जोडून लोक बोलू लागले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गर्दी का जमत नाही?

याचे कारण अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्येच मांडले होते. एखादा लाभ थोड्या लोकांना भरघोस मिळणार असेल, तर ते संघटित होतात. त्याचा भार मात्र कोट्यवधींवर थोडा थोडा पडतो, म्हणून त्याविरुद्ध कुणी कामधंदा सोडून येत नाही. शिवाय आजच्या कर्जाचे हप्ते ज्यांना फेडायचे आहेत, त्यांतली कितीतरी मुले अजून शाळेत आहेत. त्यांना मतही नाही आणि संघटनाही नाही.

मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे आणि ते समजून घेतलेच पाहिजे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाच्या अनुशेषाचे, म्हणजे मागे राहिलेल्या कामांचे, आकडे मांडले. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा अनुशेष भरून निघावा यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ज्या भागाला त्याचा वाटाच पुरता मिळाला नाही, त्याला ‘खर्च कमी करा’ म्हणणे जखमेवर मीठ चोळण्यासारखे वाटते. ही भावना खरी आहे. ४ ऑक्टोबर २०१६ आणि १६ सप्टेंबर २०२३ अशा दोन वेळा मंत्रिमंडळ बैठकीसाठी याच शहरात आले. दोन्ही वेळा हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. घोषणेनंतर जमिनीवर काय उतरले, ते मात्र लोकांनी स्वतःच शोधायचे.

कपात होतेच, पण गुपचूप

मोर्चा निघो वा न निघो, पैसा संपला की कपात होते. ४ मे २०२० रोजी टाळेबंदीत वित्त विभागाने बहुतेक विभागांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असे जाहीर केले आणि नवी भरती थांबवली. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट हे याच शहरातले आमदार. त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. या योजनेतल्या दरमहा १,५०० रुपयांनी गरीब घरातल्या बाईला आधार मिळतो, यात वाद नाही. पण तो या विभागांच्या वसतिगृहांतल्या मुलांच्या वाट्यातून द्यायचा असेल, तर तसे सभागृहात सांगून, चर्चा करून ठरायला हवे.

पाण्याचेही तेच. १,६८० कोटींच्या योजनेचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी झाले. २३ मे २०२२ रोजी पैठण गेटवरून महापालिकेवर मोठा जलआक्रोश मोर्चा निघाला. योजना रेंगाळत गेली आणि खर्च २,७४० कोटींवर पोचला. नाथसागर जलाशय उशाला असून नळाला रोज पाणी नाही आणि उशिराचा भुर्दंडही जनतेच्याच माथी.

मग मागायचे काय?

विहिरीसाठी काढलेले कर्ज आणि लग्नाच्या पंगतीसाठी काढलेले कर्ज एक नव्हे, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. सरकारलाही हाच नियम लावला, तर काटकसरीची मागणी गरिबाच्या विरोधात जात नाही. उलट सिंचन, दवाखाने, शाळा आणि पाणी यांसाठी पैसा राखणारी तीच मागणी ठरते.

या विचाराला आपल्याकडे मोठा आधार आहे. ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती’ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रबंधाचा विषय होता. संविधानाच्या २९२ व्या अनुच्छेदाने केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यावर संविधान सभेत बोलताना, संसद हा अधिकार गांभीर्याने वापरील आणि तसे कायदे करील, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली होती. केंद्रात असा कायदा २००३ मध्ये झाला, महाराष्ट्रात २००५ मध्ये. स्वित्झर्लंडमध्ये तर २ डिसेंबर २००१ रोजी सुमारे ८५ टक्के मतदारांनी कर्जाला लगाम घालणाऱ्या तरतुदीला कौल दिला. नियम स्पष्ट असेल आणि सर्वांना सारखा लागू होणार असेल, तर लोक काटकसर मान्य करतात, हे तिथे दिसले.

म्हणून आपल्या शहरातून निघणाऱ्या प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात, मूळ मागणी कोणतीही असो, आणखी तीन मागण्या असाव्यात असे मला मनापासून वाटते. एक, जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या कामाचा मूळ खर्च, आजचा खर्च आणि विलंबाचे कारण दरवर्षी जाहीर करावे. दोन, जुनी कामे पुरी होईपर्यंत नव्या घोषणांना पैसा देऊ नये. तीन, एका विभागाचा निधी दुसरीकडे वळवताना कुणाचे काय थांबणार, ते आधी सांगावे. निवेदन दिल्यावर माहिती अधिकारात त्याचा पाठपुरावा करता येतो आणि कॅगचे, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, अहवाल विधिमंडळात मांडले गेले की कुणालाही वाचता येतात. जो आपल्या मागणीसोबत हिशेबही मागतो, त्याला ‘पैसा नाही’ असे सांगून परत पाठवणे सरकारला अवघड जाते.

*पुढील लेखात : कॅगचा अहवाल कसा वाचावा?*