एका नावाचे अनेक वारस

माझ्या टिपणवहीत सर जमशेटजी जीजीभॉय तीन वेळा वारले होते: १८५९, १८७७ आणि १८९८ साली. तीनही नोंदी माझ्याच अक्षरातल्या. दिवसभर तुर्भ्याच्या बाजार समितीत एका गाळ्यावर हिशेब लिहायचे आणि रात्री नेरूळच्या घरी मुंबईच्या जुन्या दानशूरांची टिपणे काढायची, असा माझा वीसेक वर्षांचा परिपाठ आहे. एका तारखेची चूक झाली असेल म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले आणि त्या टिपणांवरून एक लेख छापून मोकळा झालो. आठवड्याभरात एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले. आपले जमशेटजी स्वर्गातून सभांना येत होते काय, एवढाच प्रश्न त्यात होता.

तारखा तिन्ही बरोबर होत्या. माणसे मात्र तीन होती.

जे. जे. रुग्णालयाचे, जे. जे. कलाशाळेचे जमशेटजी ते पहिले. जन्म १७८३. रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यावरून 'बाटलीवाला' हे नाव पडलेला हा माणूस चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करून गडगंज झाला. (त्या अफूबद्दल आपण मराठी लेखक जरा भरभर बोलतो, मीही आज तेच करतो आहे.) १८४२ साली ते 'सर' झाले, पण ही नाइटची पदवी धन्याबरोबर चितेवर जाते, किंवा त्यांच्या बाबतीत दखम्यात. ऑगस्ट १८५७ मध्ये, उत्तरेत उठाव पेटलेला असताना, राणीने त्यांना बॅरोनेट केले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. बॅरोनेटलाही 'सर'च म्हणतात, तो लॉर्ड नव्हे, पार्लमेंटात त्याला खुर्ची नाही. पण ही पदवी वंशपरंपरेने चालते. पहिल्या जेम्स राजाने ती १६११ मध्ये काढली तीच पैशासाठी: घेणाऱ्याने १०९५ पौंड भरायचे, त्यातून अल्स्टरमध्ये तीस शिपाई तीन वर्षे पोसायचे.

वारशाचा सर्वसाधारण नियम एका ओळीत मावतो. धारकाच्या पोटचा, औरस, थोरला मुलगा. त्याची शाखा खुंटली तर मूळ पुरुषाच्या वंशातला पुढचा पुरुष. मुलगी नाही. दत्तक तर नाहीच.

मुंबईत खरी अडचण आली ती पैशाची. इंग्लंडात थोरल्याकडे पदवी आणि इस्टेट बहुधा एकत्र जात. इथे इस्टेट मुलांत वाटली जायची आणि दोन पिढ्यांत 'सर' भाड्याच्या खोलीत राहायला लागायचा. म्हणून खास कायदा करावा लागला, १८६० चा विसावा. पंचवीस लाखांचे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल हा वाडा विश्वस्तांकडे कायमचा बांधला गेला. उत्पन्न आणि वाडा ज्याच्याकडे पदवी त्याच्याकडे.

मला यात गंमत वेगळीच वाटते. १८३५ च्या सुमारास मुंबईत एका पारशी थोरल्या मुलाने इंग्रजी कायद्यावर बोट ठेवून बापाची सगळी स्थावर मिळकत मागितली होती. समाज हादरला, अर्ज केले आणि १८३७ चा नववा कायदा करवून घेऊन थोरलेपणाचा हा हक्क हद्दपार केला. तेवीस वर्षांनी त्याच समाजाच्या अग्रणी घराण्यासाठी तोच हक्क, एका इस्टेटीपुरता, कायदा करून परत आणला गेला.

त्याच कायद्यात माझ्या चुकीचे मूळ सापडले. जो कोणी बॅरोनेट होईल त्याने स्वतःचे नाव टाकून 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव घ्यायचे. करसेटजी १८५९ साली वारस झाले, ते जमशेटजी म्हणून १८७७ साली गेले. त्यांचे माणेकजी जमशेटजी झाले, १८९८ साली गेले. मग पदवी मुलाकडे न जाता भावाकडे आली. ते कावसजी, चौथे जमशेटजी, मृत्यू १९०८. पाचवे मूळचे रुस्तमजी, १९३१ पर्यंत. माझगावच्या वाड्यात माणसे बदलत राहिली, नाव तेच राहिले.

ही चाल पुढे इतर घराण्यांतही आली. जीनांचे सासरे सर दिनशॉ पेटिट आणि गिरण्या काढणारे सर दिनशॉ पेटिट यांना एकच समजणारे मला पुष्कळ भेटले. गिरण्यांचे दिनशॉ १८९० साली बॅरोनेट झाले आणि १९०१ साली वारले. मुलगा फ्रामजी आधीच गेला होता, म्हणून नातू जीजीभाई 'दिनशॉ' झाला. रतनबाई या जीजीभाईंची लेक. अहमदाबादचे चिनुभाई रणछोडलाल हे पहिले हिंदू बॅरोनेट, १९१३ चे. तीनच वर्षांनी ते वारले तेव्हा मुलगा गिरिजाप्रसाद जेमतेम दहा वर्षांचा होता. त्या वयात तो चिनुभाई झाला.

मराठी वाचकाला नाव बदलणे नवीन नाही. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर शाहू झाला. कवळाण्याचा गोपाळ बडोद्यात १८७५ साली सयाजीराव झाला. पण ते दत्तक होते. परक्या घरात जाताना जुने नाव उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे आपल्याला समजते. जीजीभॉयांच्या घरात पोटचा मुलगाच बापाचे नाव घेऊन जणू दत्तक जात होता, तेही आपल्याच घरात. आणि खऱ्या दत्तकाला त्या घरात पदवीचा हक्क नव्हता.

हा नियम वाचताना मला सातारा आठवल्यावाचून राहिला नाही. १८४८ साली आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही. खासगी मालमत्ता दत्तकाला मिळेल, राज्य मिळणार नाही, असा तो पवित्रा होता. बॅरोनेटच्या पदवीलाही नेमके हेच लागू आहे: दत्तकाला पैसा मिळू शकतो, पदवी नाही. फरक इतकाच की लंडनमधली पदवी त्यांची स्वतःची होती, साताऱ्याचे राज्य नव्हते. १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, पण तोवर सातारा आणि नागपूर गेले होते.

मुंबईत याचे जिवंत उदाहरण रेडीमनींचे. सर कावसजी जहांगीर रेडीमनी निपुत्रिक होते. १८७८ साली ते वारल्यावर इस्टेट दत्तक पुत्र जहांगीर यांना मिळाली. मानाची पायरी मात्र त्यांना स्वतः चढावी लागली: १८९५ साली नाइट, १९०८ साली बॅरोनेट. तेव्हा त्यांनीही नाव घेतले ते कावसजी जहांगीर. त्यांचा मुलगा दुसरा सर कावसजी. जहांगीर आर्ट गॅलरी त्यांच्या देणगीतून १९५२ साली उभी राहिली.

'प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन' हा आपल्याकडचा जुना दम. टिळकांना ताईमहाराज प्रकरणात दत्तक खरा ठरवून घ्यायला तिथवर जावे लागले, निकाल १९१५ साली लागला. त्याच प्रिव्ही कौन्सिलपुढे २०१६ साली स्कॉटलंडच्या प्रिंगल घराण्याची बॅरोनेटची पदवी आली. एक शाखा जनुकीय चाचणीत मूळ पुरुषाच्या रक्ताची ठरली नाही आणि पदवी दुसऱ्या शाखेकडे गेली. आपल्याकडे मांडीवर घेतल्याने नाते जुळते, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागले. तिथे शंभर वर्षांनी रक्त तपासून नाते तोडले गेले.

१९५० पासून आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने भारतीय नागरिकाला परकीय राज्याकडून पदवी स्वीकारता येत नाही. जुन्या पदव्या इंग्लंडच्या यादीत चालत राहिल्या, इथे त्यांचे महत्त्व लग्नपत्रिकेपुरते उरले.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरून जे. जे. पर्यंत चालत गेलो. वाटेतल्या पाट्या वाचल्या. आता 'सर जमशेटजी' दिसले की मी आधी साल बघतो: १८५९ पर्यंत पहिले, ७७ पर्यंत करसेटजी, ९८ पर्यंत माणेकजी, १९०८ पर्यंत कावसजी, त्यानंतर रुस्तमजी. घरी येऊन जुनी कार्डे काढली आणि प्रत्येकावर कंसात मूळ नाव लिहिले.

माझे आजोबा पेण तालुक्यात दत्तक गेले होते. सातबाऱ्यावर, मतदार यादीत, लग्नपत्रिकांत सगळीकडे नवेच नाव. जुन्या नावाने हाक मारणारी त्यांची एक बहीण होती, ती १९८४ साली गेली. ते नाव काय होते हे विचारायचे मला तेव्हा सुचले नाही. त्यांच्या कार्डावरचा कंस रिकामा आहे.