शिडाच्या बोटीवरचे पाणी

सावद्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर तापी वाहते. तिचेच पाणी पुढे सुरत ओलांडून अरबी समुद्राला मिळते आणि तिथून ते पिण्याजोगे राहात नाही. 'पृथ्वीवर पाणी भरपूर, पण पिण्यालायक थोडे' हे वाक्य आपण वर्गात दरवर्षी सांगतो आणि मुले ते पाठ करतात. त्याचा अर्थ रोज टाकीत डोकावून ज्यांना कळतो अशी काही माणसे जगात आहेत. शिडाची बोट हेच त्यांचे घर असते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ती समुद्रावर राहतात.

आपल्याकडे असे राहणे फारसे रुजलेले नाही. मात्र लांबच्या सफरी झाल्या आहेत. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादई' या ५६ फुटी बोटीतून एकटेच निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली. याच बोटीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि एकाही बंदरात न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परत आले.

म्हणजे सुमारे १५० दिवस. मुलांना हिशेब करायला सांगावा. पिणे आणि स्वयंपाक मिळून रोज ३ लिटर धरले तर ४५० लिटर, म्हणजे १५ लिटरचे ३० हंडे. ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. त्या प्रमाणाने हेच पाणी जेमतेम आठ दिवस पुरेल! म्हणून बोटीवर आंघोळ आणि भांडी समुद्राच्या पाण्याने, शेवटी तांब्याभर गोडे पाणी. हा शेवटचा तांब्या चैनीचा नव्हे. समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. ते अंगावर किंवा कपड्यात राहिले तर दोन्ही कधीच धड वाळत नाहीत.

मग समुद्राचेच पाणी का पिऊ नये? त्याच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपले मूत्रपिंड लघवीच्या एका लिटरातून फार तर २० ग्रॅमच्या आसपास मीठ बाहेर टाकू शकते. म्हणजे एक लिटर प्यायल्यावर ते मीठ काढायला पावणेदोन लिटर पाणी लागेल. वरचे पाऊण लिटर शरीरातूनच जाणार. पिणारा पिऊनच कोरडा पडतो.

केळीच्या पट्ट्यातल्या मुलांना ही गोष्ट दुसऱ्या वाटेने माहीत असते. ठिबकमधून खताची मात्रा फार झाली तर जमीन ओली असूनही पानांच्या कडा करपतात. मुळाबाहेरचे पाणी क्षारांनी दाट झाले की मुळाला ते ओढून घेता येत नाही. उलट आतलेच पाणी बाहेर जाऊ लागते. हेच परासरण. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की दहा मिनिटांत ताटलीत पाणी जमते. याहून स्वस्त प्रयोग आम्हाला ठाऊक नाही.

आता हा प्रवाह उलटा फिरवायचा. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २७ वातावरणे, म्हणजे साधारण २७० मीटर उंच टाकीतून येणाऱ्या पाण्याच्या दाबाएवढा असतो. त्याहून जास्त दाब दिला तरच गोडे पाणी पडद्यातून पलीकडे जाते. प्रत्यक्षात यंत्रे याच्या दुप्पट दाब देतात. घरातल्या 'आरओ'ला एवढा जोर लागत नाही, कारण नळाच्या पाण्यात क्षार फार कमी असतात. वाया जाणारा दाब पुन्हा वापरणाऱ्या चांगल्या यंत्राला लिटरमागे ४ वॅट-तासांच्या आसपास वीज लागते. १०० वॅटच्या सौर पट्टीने दिवसात ४०० वॅट-तास दिले असे धरले, तर कागदावर १०० लिटर पाणी होते. पण त्याच विजेवर दिवे, रेडिओ आणि सुकाणू सांभाळणारे यंत्र चालवायचे असते. ढगाळ दिवशी काय सोडायचे, हे ठरवावे लागते.

त्यातही ढग पाऊस देणारे असले तर सोय होते. शिडाच्या तळाशी झोळ करून पाणी गोळा करतात. पहिल्या सरीने शिडावरचे मीठ धुऊन जाते, म्हणून ते पाणी सोडून द्यायचे. दहा चौरस मीटर शिडावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी होते.

हीच रीत शाळेच्या छपराला लावून पाहावी. रावेर-यावल भागात उपसा वाढून विहिरी खोल गेल्या आहेत, हे मुले घरी ऐकतच असतात. ५० चौरस मीटरच्या वर्गावर वर्षाला ६५० मिलिमीटर पाऊस धरला तर ३२,५०० लिटर होतात. पन्हळीतून किती सांडते, पहिल्या पावसाची धूळ धुण्यात किती जाते, हे मुलांनी मोजून वजा करावे. उरलेल्या आकड्याला वर्गातल्या मुलांच्या संख्येने आणि शाळेच्या दिवसांनी भागायचे. मोजायला एक बादली आणि जूनमधली पहिली मोठी सर पुरे.