वयाचं गणित : जूनची पहिली तारीख

आज संत गोन्सालो गार्सिया यांचं वय काढायचं ठरलं होतं. वसईत जन्मलेले हे संत 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर गेले. त्यांच्या हयातीतच, 1582 साली, पोपने कॅलेंडरातले दहा दिवस गाळले. मग ते दहा दिवस वयातून वजा करायचे की नाही? हा प्रश्न आठवडाभर थांबू दे, कारण निर्मळकडच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही.

ते लिहितात, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे 1 जून 1949. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र जन्म 23 नोव्हेंबर 1948 आणि बाप्तिस्मा 28 नोव्हेंबर. आजी सांगायची, मोठ्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी झाला. खरं काय धरायचं?

वही धरा. मुंबईच्या किनाऱ्याला झोडपणारं ते वादळ 22 नोव्हेंबर 1948 चं. म्हणजे आजीचा हिशोब चोख. 28 तारखेचा वार काढून पाहा, रविवार येतो. बाप्तिस्म्याला साजेसाच वार. चर्चची वही आणि आजी, दोघांची साक्ष जुळते. ज्यांच्या घरी चर्चची वही नाही, त्यांनी तहसील कचेरीत गाव नमुना नंबर 14, म्हणजे कोतवालाची जन्ममृत्यूची नोंद, शोधावी. जुन्या पिढीचा पुष्कळदा तोच आधार असतो.

मग 1 जून आला कुठून? तो गुरुजींचा. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडते. पोराला घेऊन आलेल्या बापाला तारीख सांगता येत नाही, कागद कुणी बरोबर आणलेला नाही. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगतात. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं! चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढे 1 जून लिहायचं, की दाखल्याच्या दिवशी वय पुरं सहा, वर महिने नाहीत न् दिवस नाहीत. आपल्या वाचकांच्या वडिलांचं नाव 1955 च्या जूनमध्ये घातलं असेल, तर तेव्हा ते साडेसहा वर्षांचे होते. गुरुजींनी वरचे सहा महिने सोडून दिले, इतकंच. राज्यभर एक जूनला एवढे वाढदिवस येतात ते या वजाबाकीमुळे.

खरी गंमत निवृत्तीच्या वेळी कळते. कायद्याने वय मोजताना जन्माचा दिवस अख्खा धरतात. त्यामुळे 1 जूनला जन्मलेल्या माणसाचं अठ्ठावन्नावं वर्ष 31 मेच्या रात्री पुरं होतं. सरकारी नोकर ज्या महिन्यात वय पुरं होतं त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून एक जूनवाले 31 मेलाच घरी बसतात. दरवर्षी त्या दिवशी कचेऱ्यांत हारतुऱ्यांची रांग लागते. गुरुजींनी 2 जून लिहिलं असतं, तर तोच माणूस 30 जूनपर्यंत खुर्चीत राहिला असता. एका आकड्यात महिन्याचा पगार गेला!

आपल्या वाचकांचे वडील राज्य सरकारच्या नोकरीत होते. खऱ्या तारखेने ते 30 नोव्हेंबर 2006 ला निवृत्त झाले असते, शाळेच्या तारखेने 31 मे 2007 ला झाले. दोन्ही जन्मतारखांत फरक 190 दिवसांचा, पगार मात्र सहा महिन्यांचा जास्त मिळाला. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करून तारीख दुरुस्त करता येते. पण फायद्याची चूक दुरुस्त करायला कोण जाणार!

पुढे एसटीने मात्र यातलं थोडं वसूल केलं. पंचाहत्तरी पुरी झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. खऱ्या वयाने ती सवलत नोव्हेंबर 2023 मध्येच लागू झाली असती. आधार कार्डावर शाळेचीच तारीख, म्हणून जून 2024 पर्यंत अर्धं तिकीट काढावं लागलं. पगार आणि तिकीट समोरासमोर मांडले, तर गुरुजींचे उपकारच निघतात.

पुढच्या आठवड्यात मात्र नक्की नागासाकी.