आवाज बंद करून पाहिलेलं गाणं

एखादा म्युझिक व्हिडिओ आवाज पूर्ण बंद करून पाहा. गाणं कोणत्या प्रकारचं आहे, हे बहुतेक वेळा चित्रावरूनच कळतं. १९८१ साली अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं दिसणं हे ऐकू येण्याइतकंच महत्त्वाचं ठरलं. हळूहळू प्रत्येक प्रकाराच्या दृश्यखुणा ठरत गेल्या.

यात हिप-हॉपचा विचार सर्वांत बारकाईचा, असं मला वाटतं. रॅपर मिसी एलियटचा ‘द रेन’ (१९९७) पाहा. दिग्दर्शक हाइप विल्यम्स यांनी त्यात फिशआय भिंग वापरलं. या भिंगातून मधली वस्तू फुगून पुढे येते आणि कडा वाकतात. त्यात मिसीने हवा भरलेला, चकचकीत काळा पोशाख घातलेला. त्यामुळे ती अख्खी चौकट व्यापते आणि थेट आपल्याशी बोलते. रॅपमध्ये शब्द समोरच्याला उद्देशून असतात. भिंग तेच काम डोळ्यांसाठी करतं.

हेवी मेटलला मात्र वादन दाखवायचं असतं. मेटॅलिका या बँडच्या ‘वन’मध्ये (१९८९) कृष्णधवल गोदाम आहे, तारांवरची बोटं आहेत आणि मध्येमध्ये एका युद्धविरोधी चित्रपटाचे तुकडे. कंट्री संगीतात पिकअप ट्रक, शेतं, मावळतीचं ऊन.

आपल्याकडे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ने (२०१५) हिप-हॉपची खूण आपलीशी केली. हिप-हॉप व्हिडिओंत नेहमी दिसणाऱ्या महागड्या गाड्यांऐवजी तिथे मुंबईची गल्ली दिसते आणि मागे वस्तीतली पोरं उभी असतात.