लाँगबो : एका समाजाने पोसलेले शस्त्र

चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत इंग्लंडच्या सैन्याचा मुख्य आधार असलेले लाँगबो हे लांब धनुष्य रचनेच्या दृष्टीने अगदी साधे होते : एकाच लाकडातून तासलेला, माणसाहून उंच दांडा, त्याच्या दोन्ही टोकांवर बसवलेल्या शिंगाच्या खाचा आणि त्यांत अडकवलेली वाखाची प्रत्यंचा. तरीही १३४६ मध्ये क्रेसी, १३५६ मध्ये प्वातिये आणि १४१५ मध्ये अ‍ॅझँकूर येथे इंग्रजांनी आपल्याहून मोठ्या फ्रेंच सैन्यांचा जो पराभव केला, त्यात या धनुष्याचा वाटा फार मोठा होता. त्याच्या सामर्थ्याचे श्रेय बहुधा लाकडाला दिले जाते. वस्तुतः ते त्याहून अधिक ते ओढणाऱ्या माणसांना आणि त्या माणसांना घडवणाऱ्या व्यवस्थेला द्यायला हवे.

लाकडाचे गुण अर्थातच नाकारता येत नाहीत. यू या सूचिपर्णी वृक्षाच्या खोडात बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण सहन करते, तर आतले लालसर मध्यकाष्ठ दाब सहन करते. म्हणून कारागीर दांडा असा तासत की रसकाष्ठाचा पातळ थर लक्ष्याकडच्या बाजूस आणि मध्यकाष्ठ धनुर्धराकडच्या बाजूस येई, आणि वेगवेगळ्या गुणांचे दोन थर मुद्दाम चिकटवल्याचा लाभ निसर्गतःच मिळे. उत्तम प्रतीचे यू इंग्लंडमध्ये पुरेसे नसल्याने ते युरोपच्या मुख्य भूमीवरून आणावे लागे, आणि १४७२ च्या कायद्याने तर परदेशी व्यापाऱ्यांवर ठरावीक मालामागे धनुष्याचे दांडे आणण्याची सक्ती केली.

ही धनुष्ये किती कठीण होती, हे १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रतळावरून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेमुळे प्रत्यक्ष कळले. तिच्यात शंभराहून अधिक अखंड धनुष्ये आणि हजारो बाण सापडले. धनुष्यांची लांबी साधारण दोन मीटर होती आणि त्यांतील अनेकांची प्रत्यंचा पूर्ण ताणण्यासाठी ४५ ते ८० किलो वजन पेलण्याइतके बळ लागत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नौकेवरील काही सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचा अस्थिभाग, जो सामान्यतः तारुण्यात मुख्य हाडाशी सांधला जातो, सुटाच राहिलेला आढळला आणि त्याचा संबंध लहानपणापासून चाललेल्या धनुष्याच्या सरावाशी जोडला गेला. केवळ दंडाच्या जोरावर असे धनुष्य ओढताच येत नाही. धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी १५४९ मध्ये राजापुढील प्रवचनात सांगितले होते की, वडिलांनी त्यांना हाताने न ओढता सारे शरीर धनुष्यात घालायला शिकवले आणि वय व बळ वाढेल तसतशी अधिक कठीण धनुष्ये घेऊन दिली. ही वाढ वर्षानुवर्षांची असे. म्हणूनच तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये सणासुदीच्या दिवशी चेंडूसारखे निरुपयोगी खेळ सोडून तिरंदाजीचा सराव करण्याचा हुकूम काढला. राज्याला तयार धनुर्धर हवे होते, आणि ते गावोगावच्या सरावाच्या मैदानांवरच घडत होते.

बाणांचा पुरवठा हाही तितकाच महत्त्वाचा भाग होता. चोवीस बाणांची एक जुडी असे. मिनिटाला दहा बाण सोडणाऱ्या माणसाची ती अडीच मिनिटांतही संपे. साहजिकच मोहिमेबरोबर बाणांच्या गाड्या न्याव्या लागत, आणि बाणांना लावण्यासाठी पाळीव हंसांची पिसे गोळा करण्याचे आदेश प्रांताधिकाऱ्यांना जात.

रणांगणावरही धनुष्य एकटे कधीच लढले नाही. अ‍ॅझँकूरच्या नुकत्याच नांगरलेल्या, पावसाने भिजलेल्या शेतात इंग्रज धनुर्धरांनी आपल्यापुढे टोकदार खांब तिरपे रोवले होते. बाणांनी जखमी झालेले घोडे उधळले, चिलखत घातलेले पायदळ चिखलात अडखळत एका अरुंद पट्ट्यात दाटले, आणि मग धनुर्धर हातोडे, कुऱ्हाडी व तलवारी घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. त्या काळच्या उत्तम पोलादी चिलखताच्या जाड भागांवरून बाण बहुधा घसरत. पण चिलखताच्या फटी, शिरस्त्राणाची झडप आणि घोडे यांवर त्यांचा परिणाम होत असे. बाणांनी शत्रूची रांग मोडली आणि पुढचे काम हातघाईने केले, असे म्हणणेच अधिक रास्त ठरते.

पुढे चित्र पालटले. १४२९ मध्ये पाते येथे फ्रेंच घोडदळाने खांब रोवून होण्यापूर्वीच धनुर्धरांना गाठले आणि १४५३ मध्ये कास्तियों येथे फ्रेंच तोफांपुढे इंग्रजांचा निर्णायक पराभव झाला. सोळाव्या शतकातील बंदूक लाँगबोइतक्या झपाट्याने भरता येत नव्हती; परंतु ती चालवायला काही आठवड्यांत शिकवता येई, उलट धनुर्धर तयार व्हायला बालपणापासूनची वर्षे लागत, आणि सरावाची ती सवय इंग्लंडच्या गावांतून हळूहळू लोप पावत होती. अखेर १५९५ मध्ये इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने प्रशिक्षित स्थानिक पलटणींत धनुष्याऐवजी बंदुका देण्याचा आदेश दिला.